आजी तिथे कुठल्या आजोबांसोबत राहते?

पत्र थोडक्यात: लिहिणाऱ्या ताई पस्तिशीच्या, मूळच्या नगरकडच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या, आता पुण्यात असतात. नवरा हिंदू आहे, घरात त्यावरून कधी भांडण नाही. मागच्या पावसाळ्यात त्यांची आई गेली. आई आयुष्यभर शिवणकाम करायची, फॉल-पिको, ब्लाउज, नाताळात अख्ख्या गल्लीतल्या पोरांचे फ्रॉक, रिकामं बसणं तिला माहीतच नव्हतं. आईचं पहिलं लग्न फार लहान वयात झालेलं, तो नवरा वारला, मग ताईंच्या वडिलांशी दुसरं लग्न, आता वडीलही नाहीत. ताईंची आठ वर्षांची मुलगी एकामागून एक प्रश्न विचारते: आजी तिथे कुठल्या आजोबांसोबत राहते? दिवसभर गाणीच म्हणते का, कंटाळत नाही का? शिवणाचं मशीन आहे का तिथे? गुडघे दुखतात का? आणि बाबा तिथे येणार का? या शेवटच्या प्रश्नाला संडेस्कूलच्या टीचरने "येशूवर विश्वास नसेल तर नाही" असं उत्तर दिलं, तेव्हापासून पोरगी रोज रात्री बाबांच्या मागे लागते की बाप्तिस्मा घ्या. ताईंनी प्रेयर ग्रुपमध्ये विषय काढला तर "शंका म्हणजे सैतानाचं काम, प्रार्थना वाढव" असं ऐकायला मिळालं. आता आईच्या वर्षाच्या प्रार्थनेला त्यांनी साक्ष द्यायची आहे, "आई स्वर्गात आनंदात आहे" असं बोलायचं आहे. त्या लिहितात, "मला खोटं बोलायचं नाही. पण माझा विश्वास सुटतोय का तेही कळत नाही. मुलीला काय सांगू?"

ताई,

तुमच्या मुलीने जे विचारलंय ते बालिश नाहीये, हे मला आधी सांगायचंय, कारण तुमच्या पत्रात दोनदा "वेडे प्रश्न" असं आलंय. यातला एक प्रश्न तर जवळजवळ याच शब्दांत थेट येशूला विचारला गेला होता. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, बावीसाव्या अध्यायात आहे बघा, मार्क आणि लूकमध्येही आहे. सदूकी म्हणून एक गट होता, त्यांचा मेलेली माणसं उठतात यावरच विश्वास नव्हता, ते येऊन म्हणतात की एका बाईचा नवरा मूल न होता मेला, नियमाप्रमाणे ती दिराला दिली, तोही मेला, मग पुढचा, असे सातही भाऊ, शेवटी बाई पण गेली, तर मग पुनरुत्थानात ती सातांपैकी कोणाची बायको? ते खिल्ली उडवायला विचारत होते आणि तुमची मुलगी आजीच्या काळजीने विचारतेय, एवढाच फरक. तरी येशू त्यांना हाकलून देत नाही. तुम्ही चुकताय असं तोंडावर सांगतो आणि मग उत्तर देतो, की तिथे कोणी लग्न करत नाही की करून देत नाही, ते देवदूतांसारखे असतात.

हे उत्तर पहिल्यांदा ऐकलं की कोरडं वाटतं, म्हणजे इतकी वर्षं संसार केला त्याचं काहीच नाही का? पण त्या गोष्टीतल्या बाईकडे बघा जरा. तिला कोणी काही विचारलेलंच नाहीये, वंश चालावा म्हणून ती एकाकडून दुसऱ्याकडे सोपवली गेली आणि मेल्यावरही भांडण कशाचं, तर ती कोणाच्या मालकीची. मला ते उत्तर असं समजतं की ही मालकी तिथे संपते. प्रेम संपतं असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. आता हे माझं वाचन आहे, सगळे असं वाचत नाहीत, स्वीडनबोर्ग नावाचा अठराव्या शतकातला स्वीडिश विचारवंत तर स्वर्गातही लग्नं असतात असं ठामपणे लिहून गेला. पण मुलीला तुम्ही एवढं नक्की सांगू शकता की आजीला दोन आजोबांमधून एक निवडायला लावणारी ती जागा नसावी, असं आईला वाटतं. "आईला वाटतं" हे शब्द मात्र गाळू नका.

आता मोठा गैरसमज, आणि तो तुमच्या एकट्याचा नाहीये. तुम्ही स्वर्ग म्हणून जे चित्र नाकारताय, ढग, पांढरे झगे, वीणा, न संपणारी भजनं, त्याच्यावरचा विश्वास सुटला म्हणजे सगळा विश्वास सुटला असं तुम्ही धरून चाललाय. ते चित्र थोडं प्रकटीकरणातून, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातून आलंय, बरंचसं युरोपातल्या चित्रकारांकडून आणि उरलेलं आपल्याकडच्या ख्रिस्ती कॅलेंडरवरून. प्रकटीकरणात वीणा आहेत, पांढरे झगे आहेत, हो, पण शेवटच्या दोन अध्यायांत काय आहे ते शांतपणे वाचा. तिथे माणसं वर जात नाहीत, नगर खाली येतं. नवं आकाश आणि नवी पृथ्वी, आणि देव माणसांमध्ये राहायला येतो. त्या नगराची मापं दिलीत, लांबी रुंदी उंची सारखीच, आजच्या हिशोबाने साधारण २,२०० किलोमीटर, म्हणजे एक प्रचंड घन. हे वाचून लोक विचारतात की एवढी उंच इमारत कशी उभी राहील. पण ज्याने यरुशलेमच्या मंदिराचं वर्णन वाचलंय त्याला लगेच कळतं, शलमोनाच्या मंदिरातलं सगळ्यात आतलं परमपवित्र स्थानही असंच घनाकार होतं, तिन्ही बाजूंनी वीस हात, आणि तिथे वर्षातून एकदा एकटा प्रमुख याजक जायचा. आता अख्खं नगरच ते स्थान झालं, म्हणून पुढे लिहिलंय की त्यात मंदिर दिसलं नाही, आणि वेशी कधी बंद होत नाहीत. सांगायचा मुद्दा हा की ही भाषा नकाशाची नाही. तिला नकाशा समजून जी शंका येते ती नकाशावरची शंका असते.

कंटाळ्याचा प्रश्न मात्र मी असा बाजूला सारणार नाही, तो खरा प्रश्न आहे. बर्नार्ड विल्यम्स नावाच्या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९७३ मध्ये छापलेल्या एका निबंधात हेच मांडलं की माणूस जसा आहे तसा अमर झाला तर शेवटी सगळंच त्याला निरर्थक वाटायला लागेल, आणि मला तो युक्तिवाद कच्चा वाटत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही २००७ च्या आशेवरच्या परिपत्रकात सरळ कबूल केलंय की न संपता जगत राहणं हे बऱ्याच जणांना वरदानापेक्षा शिक्षाच वाटेल. त्यांचं म्हणणं, अनंतकाळ म्हणजे कॅलेंडरची न संपणारी पानं नव्हेत, आधीनंतर असं काही न उरणाऱ्या एका भरलेल्या क्षणासारखं काहीतरी. मला स्वतःला त्याहून जास्त पटतं ते चौथ्या शतकातल्या निस्साच्या ग्रेगरीचं. आताच्या तुर्कस्तानातला बिशप. तो म्हणतो देवाला अंत नाही, म्हणून देवाकडे जाण्यालाही अंत नाही, एक ओढ पुरी झाली की त्यातूनच मोठी ओढ लागते, म्हणजे पोचून बसून राहणं असं तिथे नाहीच. जिला रिकामं बसता यायचं नाही अशा बाईच्या मुलीला हे कळेल असं मला वाटतं.

आणि शिवणाच्या मशीनचं म्हणाल तर बायबलच्या जुन्या करारातला यशया संदेष्ट्याचा पासष्टावा अध्याय काढा. नव्या आकाशाची आणि नव्या पृथ्वीची गोष्ट आधी तिथेच येते, आणि तिथे कोणी गात बसलेलं नाही, लोक घरं बांधतात आणि स्वतः त्यात राहतात, द्राक्षमळे लावतात आणि स्वतः फळं खातात, दुसऱ्यासाठी राबून मरत नाहीत, आपल्या हातच्या कामाचं सुख त्यांना भरपूर मिळतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे ब्लाउज शिवलेल्या बाईबद्दल याहून चांगलं मला तरी काही सुचत नाही. मशीन आहे असं नाही सांगायचं, माहीत नाहीये आपल्याला. पण "देवाच्या नव्या जगात हातांना काम आहे असं आपल्या पुस्तकात लिहिलंय" हे खोटं नाही.

गुडघ्यांचं पण असंच. सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकांपैकी पौल, त्याने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात हाच प्रश्न घेतलाय, मेलेले कसे उठतात, कसल्या शरीराने येतात? तो आधी प्रश्नकर्त्यावर चिडतो, "अरे मूर्खा" म्हणतो (हे मला आवडत नाही, पण लिहिलंय) आणि मग बीज पेरण्याचं उदाहरण देतो, पेरलेला दाणा आणि उगवलेलं रोप एकच, पण दिसायला सारखं नाही. चारशे वर्षांनी उत्तर आफ्रिकेत हिप्पोच्या ऑगस्टिनला लोकांनी याहून भयंकर प्रश्न विचारले, कापलेली नखं आणि केस परत येणार का, जन्माआधीच गेलेल्या बाळांचं काय, माणसाने माणूस खाल्ला तर ते मांस कोणाचं. त्याने आपल्या मोठ्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात बसून एकेकाला उत्तर दिलंय, त्याला वाटायचं की सगळे साधारण तिशीच्या वयाचे उठतील, व्यंग राहणार नाही, पण हुतात्म्यांच्या जखमांचे व्रण राहतील कारण ती त्यांची शोभा आहे. त्याचं सगळं मला पटत नाही. पण व्रणांचा विचार काही त्याने हवेतून काढलेला नाही. पुन्हा उठलेल्या येशूचं शुभवर्तमानांत जे वर्णन आहे त्यात हातापायाच्या जखमा आहेत, तो शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो, मग्दालियाची मरिया त्याला माळी समजते आणि त्याने नाव घेऊन हाक मारल्यावरच ओळखते. पटकन ओळखू येत नाही पण तोच असतो. आजी आपल्याला ओळखेल का असं मुलीने विचारलंच, तर हाकेची ही गोष्ट सांगा, गोष्ट म्हणून सांगा, आणि तिला तिचं काय ते ठरवू द्या.

इथे आणखी एक सांगते. "आई आत्ता, या क्षणी कुठे आहे" यावर चर्चमध्ये पूर्वीपासून एकच एक मत होतं असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. १३३१ मध्ये खुद्द पोप जॉन बावीसावे यांनी प्रवचनात सांगितलं की गेलेल्या भक्तांना देवाचं पूर्ण दर्शन शेवटच्या न्यायानंतरच होईल, त्यावर एवढा गदारोळ झाला की १३३४ मध्ये मरणाच्या आधी त्यांनी शब्द मागे घेतले, आणि १३३६ मध्ये पुढच्या पोपने उलटा निर्णय जाहीर केला. प्रॉटेस्टंटांमध्येही आत्मा लगेच प्रभूजवळ जातो की पुनरुत्थानापर्यंत झोपतो यावर वाद झालेले आहेत. पोप, बिशप, पंडित जिथे वाद घालत होते तिथे तुम्ही प्रेयर ग्रुपमध्ये एक प्रश्न विचारला तर ते सैतानाचं काम कसं होतं? ज्यांनी तसं म्हटलं त्यांचा हेतू वाईट नसेल, बहुतेक त्यांना स्वतःलाच तो प्रश्न झेपला नाही. पण तुम्ही ते मनावर घेऊ नका.

आता बाबांचा प्रश्न. मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातला हा एकच प्रश्न आहे ज्याच्यामुळे तुम्हाला झोप लागत नाहीये.

ख्रिस्ती परंपरेत याचं एक कडक उत्तर आहे आणि ते टीचरने मनाने बनवलेलं नाही हे मान्य करावं लागेल, अनेक मंडळ्या आजही तेच शिकवतात, योहानाच्या चौदाव्या अध्यायातलं "माझ्याद्वारे आल्याशिवाय पित्याकडे कोणी येत नाही" हे त्यांचं मुख्य वचन. पण हे एकच उत्तर आहे हे खरं नाही. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात राजा ज्यांना आत घेतो त्यांना स्वतःलाच माहीत नसतं की आपण त्याच्यासाठी काही केलं, ते विचारतात, तू भुकेला होतास आणि आम्ही तुला खायला दिलं असं कधी झालं? कॅथलिक चर्चने १९६४ मध्ये व्हॅटिकन परिषदेत अधिकृतपणे म्हटलंय की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान माहीत नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकबुद्धीने जगतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. आणि तुमच्याच घराची गोष्ट पौलाने लिहून ठेवलीये, करिंथकरांस पहिलं पत्र, सातवा अध्याय. विश्वास न ठेवणारा नवरा बायकोसोबत राहायला राजी असेल तर तिने त्याला सोडू नये, बायकोमुळे तो पवित्र झालेला आहे, आणि तुमची मुलं पवित्र आहेत. यातून तारणाची गॅरंटी निघते असं मी म्हणणार नाही, वचनाला जास्त ताणणं बरोबर नाही. पण त्या घराला पौल तुटलेलं घर म्हणत नाही, एवढं स्वच्छ आहे.

याच्यामागे आणखी एक प्रश्न आहे, तुम्ही लिहिला नाहीये पण तो आहेच: आपलं माणूस बाहेर असताना आत कोणी सुखी कसं राहील? थॉमस अक्वायनसच्या नावावर एक जुनं उत्तर आहे की संतांना नरकातली शिक्षा दिसेल आणि त्याने त्यांचा आनंद वाढेल. मला हे उत्तर मान्य नाही, आणि कुठल्याही आईला ते मान्य होईल असं वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात श्लायरमाखर या जर्मन धर्मपंडिताने उलट बाजू मांडली, की दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव असेल तर पूर्ण सुख शक्यच नाही. निस्साचा ग्रेगरी तर शेवटी सगळेच परत येतील अशी आशा धरून होता, आणि तरी त्याला चर्चने संत मानलंय. म्हणजे आशा धरायला परंपरेतच जागा आहे, तुम्हाला ती चोरून धरायची गरज नाही.

नगरच्या लोकांना हे नवीनही नसावं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधे आधी ताटातूट झाली, मग एकाच घरात दोन धर्म नांदले. आपल्याकडच्या ख्रिस्ती समाजाच्या सगळ्यात लाडक्या घरात हा प्रश्न जेवायला बसलेला होता.

मुलीचं कसं करायचं ते सांगते, आणि ज्यांच्या घरी लहान मूल असे प्रश्न विचारतंय त्या सगळ्यांनाच हे चालेल. बोलताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा, मला माहीत आहे ते, आपल्या पुस्तकात लिहिलंय ते, आणि मला माहीत नाही ते. "आजीचं शरीर बंद पडलं, तिला आता दुखत नाही" हे माहीत आहे. "देव डोळ्यातलं सगळं पाणी पुसेल" हे पुस्तकात आहे. "मशीन आहे का" हे माहीत नाही, आणि "मला माहीत नाही" म्हटल्याने मूल घाबरत नाही, आई काहीतरी लपवतेय असं वाटलं की घाबरतं. "आजी झोपलीये", "देवाला आवडली म्हणून नेली" ही वाक्यं कृपया वापरू नका, मुलं ती शब्दशः घेतात, मग झोपायला घाबरतात नाहीतर देवाला आपण आवडू नये असं त्यांना वाटायला लागतं. आणि ती बाबांना रोज बाप्तिस्मा घ्यायला सांगते तेव्हा तिथे धर्माची चर्चा नकोच, पोरीला आजीनंतर आता बाबा पण जाणार अशी भीती बसलीये. तिला आत्ता हे ऐकायचंय की बाबा धडधाकट आहेत, उद्या शाळेत सोडायला येणार आहेत. तुमच्या मिस्टरांनाही बोलू द्या ना यात, त्यांच्या घरी मेल्यानंतर काय होतं असं मानतात ते त्यांनी सांगावं. आई असं मानते, बाबांच्या घरी तसं मानतात, आणि दोघं एकमेकांवर प्रेम करतात, आठ वर्षांच्या मुलीला एवढं समजतं.

आणि बाबांनी केवळ पोरगी रडते म्हणून बाप्तिस्मा घेऊ नये. तुम्हालाही ते आवडणार नाही.

साक्षीचं. तुम्हाला खात्री नसलेलं वाक्य उच्चारायची सक्ती कोणी करू शकत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत नवव्या अध्यायात यापो गावची टबीथा आहे, तिला दुर्कसही म्हणायचे, ती वारते आणि येशूचा शिष्य पेत्र येतो तेव्हा माडीवर सगळ्या विधवा रडत उभ्या असतात आणि टबीथाने जिवंतपणी शिवलेले अंगरखे, कपडे त्याला दाखवत असतात. त्या बाया स्वर्गाबद्दल एक शब्द बोलत नाहीत, हे बघा हिने केलं, एवढंच. तुम्ही तो उतारा वाचा आणि आईने कोणाकोणाचं काय शिवलं ते सांगा, हवं तर एखादा फ्रॉक घेऊन जा. शेवटी "तिला मी देवाच्या हाती सोपवते" म्हणता आलं तर म्हणा, नाही आलं तर नका म्हणू.

तुमच्या स्वतःच्या विश्वासाचा निकाल आत्ताच लावायची घाई करू नका. आई जाऊन वर्षही झालं नाहीये, दुःख आणि शंका एकमेकांत मिसळल्यात, कुठली कशामुळे ते आत्ता कळणारही नाही. प्रश्नांना न घाबरणारा एखादा पाळक किंवा फादर शोधा, दुसऱ्या मंडळीतला असला तरी हरकत नाही, त्यांना सगळं जसं मला लिहिलंत तसंच सांगा. सगळं वाचून-विचारून नंतर वाटलं की स्वर्गावर माझा विश्वास बसत नाही, तर तेही प्रामाणिकपणे जगता येतं, आणि रविवारी आईच्या आवडीची गीतं म्हणायला जायला कोणाची परवानगी लागत नाही. झोप, जेवण असंच आठवडेच्या आठवडे बिघडलेलं राहिलं तर मात्र समुपदेशकाला भेटा, तिथे प्रार्थना कमी पडतेय असं समजू नका.

राहिल्या संडेस्कूलच्या टीचर. त्यांना या आठवड्यात फोन करा, एकट्याने भेटा, चिडून नको. धर्मशास्त्रावर वाद घालू नका, सरळ सांगा की आमच्या घरात नुकताच मृत्यू झालाय, पोरगी रात्री झोपत नाही, तिने बाबांबद्दल काही विचारलं तर "आईला विचार" एवढंच म्हणा. बहुतेक टीचर हे समजून घेतात, त्यांनाही लेकरं असतात. नाहीच ऐकलं तर काही रविवार तिला वर्गात पाठवू नका, तुमच्या शेजारी मोठ्यांच्या उपासनेला बसवा.